सागरजीवांचे दागिने : देह की रूप?

पोवळ्याला आपण रत्न म्हणतो. नवरत्नांत त्याला मानाचे स्थान आहे, मंगळाचे रत्न म्हणून त्याची अंगठी घातली जाते आणि मोत्यांच्या सरात मधूनमधून ओवलेले त्याचे लाल मणी जुन्या मराठी घरांतील दागिन्यांच्या डब्यात हमखास सापडत. वस्तुतः पोवळे हा खडा नव्हे. तो एका सागरी जीवाच्या वसाहतीचा सांगाडा होय. भूमध्य समुद्रातील अंधाऱ्या कपारींत आणि खोल खडकांवर ही लाल झुडपे वाढतात. जिवंतपणी त्यांच्या फांद्यांवर पातळ मांसल आवरण असते आणि त्यातून काही मिलिमीटर उंचीचे, आठ नाजूक बाहू असलेले पांढरेशुभ्र जीव फुलासारखे उमलतात. पाण्यात जराशी हालचाल झाली की ते क्षणात मिटतात. हे ‘पॉलिप’ म्हणजे खरा प्राणी. सराफाच्या पेढीवर येते ते त्याच्यामागे उरलेले हाड. लाल रंग हाडाचा; तो प्राणी पांढरा होता, हे ते मिरवणाऱ्यांपैकी फार थोड्यांना ठाऊक असते.

प्रवाळ, तारामासा, समुद्रफूल, समुद्रघोडा, जेलीफिश अशा चिमुकल्या सागरजीवांना दागिन्यात आणण्याच्या दोन वाटा माणसाने शोधल्या. एक वाट त्या जीवाचा देहच वापरण्याची, दुसरी केवळ त्याचे रूप उचलण्याची. पहिली वाट सोपी. परंतु तिच्यातून हाती लागतो तो सांगाडाच. या जीवांचे सौंदर्य ज्यात आहे ते पारदर्शक अंग, सतत बदलणारा आकार आणि ओल्या कातडीची झळाळी, हे सारे पाण्याबाहेर काही मिनिटांतच नाहीसे होते. दुसरी वाट अवघड आहे. सोने, मीना आणि खडे या कठीण, निश्चल वस्तूंमधून मऊ आणि हलत्या जीवाचा भास निर्माण करायचा, तर कारागिराला आधी तो जीव नीट पाहावा लागतो. म्हणूनच या दागिन्यांचा इतिहास हा बव्हंशी सागरजीव पाहण्याच्या साधनांचा इतिहास आहे.

पोवळ्याची पेठ

पहिल्या वाटेचा इतिहास जुना आहे आणि भारताशी थेट निगडित आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकात थोरल्या प्लिनीने नोंदवून ठेवले आहे की, रोमन लोकांना भारतीय मोत्यांचे जेवढे अप्रूप, तेवढेच भारतीयांना पोवळ्याचे. पुढे अठराव्या शतकात या देवघेवीने एक विलक्षण रूप घेतले. इटलीतील लिव्होर्नो बंदरातील ज्यू व्यापारी भूमध्य समुद्रातील पोवळे लिस्बनमार्गे गोव्याला धाडीत आणि गोव्यातील सारस्वत व्यापारी त्याच्या मोबदल्यात हिरे रवाना करीत. धर्म वेगळा, भाषा वेगळी, एकमेकांना कधी पाहिलेलेही नाही. सारा व्यवहार पोर्तुगीज भाषेतील पत्रांच्या भरवशावर चाले. इतिहासकार फ्रान्चेस्का त्रिव्हेल्लातो यांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात या पत्रव्यवहाराचा सविस्तर मागोवा घेतला आहे. कोकणपट्टीतील दागिन्यांमध्ये पोवळे इतके रुळले, त्यामागे असे समुद्रापलीकडचे धागे आहेत.

गंमत अशी की, शेकडो वर्षे ही उलाढाल चालू असताना पोवळे म्हणजे नेमके काय, हे विकणाऱ्याला ठाऊक नव्हते आणि घेणाऱ्यालाही नव्हते. ती एक वनस्पती असून हवा लागताच दगड बनते, असा युरोपात समज होता. १७२०च्या दशकात मार्सेचा वैद्य झाँ-आन्द्रे पेसोनेल याने जिवंत पोवळे समुद्राच्या पाण्यात ठेवून पाहिले आणि ज्यांना लोक ‘फुले’ म्हणतात ते प्राणी आहेत, असा निष्कर्ष काढला. पॅरिसमधील ज्येष्ठ शास्त्रज्ञ रेओम्यूर यांना तो इतका हास्यास्पद वाटला की, आपल्या निबंधात त्यांनी पेसोनेलचे नावही घेतले नाही. तरुणाची अब्रू वाचावी एवढाच त्यात हेतू होता, असे म्हणतात. पेसोनेलला न्याय मिळाला तो पाव शतकानंतर, लंडनच्या रॉयल सोसायटीकडून.

नेपल्सजवळ व्हेसुव्हियसच्या पायथ्याशी वसलेले तोर्रे देल ग्रेको हे गाव आजही पोवळ्याच्या कोरीवकामाची जागतिक पेठ म्हणून ओळखले जाते. मात्र पोवळ्याची वाढ अत्यंत मंद असते. खोडाचा व्यास वर्षाला जेमतेम पाव मिलिमीटरने वाढतो. म्हणजे ज्वारीच्या दाण्याहून थोडा मोठा मणी काढता येईल एवढी जाडी यायला दोन-तीन दशके लागतात. तिकडे माणसाची हत्यारे मात्र झपाट्याने सुधारत गेली. मोठ्या फुलीच्या आकाराचे, जाळ्यांचे झुपके बांधलेले अवजड औजार बोटीमागून तळावर फरफटत नेण्याची पद्धत होती. एका फेरीत हाती लागे त्याहून कितीतरी अधिक पोवळे मोडून तळाशीच राही. युरोपीय समुदायाने १९९४ मध्ये या औजारावर बंदी घातली. भूमध्य समुद्रातील मत्स्योद्योगाचे नियमन करणाऱ्या आंतरराष्ट्रीय आयोगाने २०११ साली ५० मीटरपेक्षा उथळ पाण्यातून पोवळे काढण्यास मनाई केली आणि पुढच्याच वर्षी बुंध्याचा व्यास किमान ७ मिलिमीटर असावा, असा दंडक घातला.

पाहण्याची कला

दुसऱ्या वाटेचे सर्वांत जुने आणि देखणे नमुने ग्रीसमधील मायसीनी येथे मिळाले. हाइन्रिख श्लीमान याने १८७६ मध्ये तेथील राजकुळाच्या कबरी उघडल्या, तेव्हा सोन्याच्या पातळ पत्र्यांची शेकडो पदके सापडली. त्यांतील काहींवर ऑक्टोपसाचे बाहू सर्पिलाकार वेटोळे घेताना दिसतात. साधारण साडेतीन हजार वर्षांपूर्वीचे हे काम. पातळ पत्रा ठशावर ठोकून नक्षी उठविण्याची ही रीत आपल्याकडील सोनारांना अपरिचित नाही. ऑक्टोपसाचा आकार कारागिराने साधा करून टाकला आहे; पण त्या प्राण्याचे बाहू कसे वळतात, हे त्याने पाहिले होते यात शंका राहत नाही. ते लोक समुद्रावर जगणारे होते.

त्यानंतर दीर्घकाळ दागिन्यांत मासे आले, शंख-शिंपले आले, काल्पनिक मत्स्यकन्या आणि जलराक्षस आले. परंतु खडकाच्या डबक्यातील मऊ, बारीकसारीक जीव क्वचितच आले. कारण उघड आहे. ते कोणी फारसे पाहिलेच नव्हते. काचेच्या टाकीत समुद्राचे पाणी व वनस्पती यांचा तोल राखून सागरी जीव जिवंत ठेवण्याची युक्ती एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर साधली आणि लंडनच्या प्राणिसंग्रहालयात १८५३ मध्ये पहिले सार्वजनिक मत्स्यालय उघडले. फिलिप हेन्री गॉस या निसर्गअभ्यासकाच्या सचित्र पुस्तकांनी इंग्लंडातील मध्यमवर्गाला समुद्रफुलांचे अक्षरशः वेड लावले. बरण्या आणि छिन्न्या घेऊन कुटुंबेच्या कुटुंबे किनाऱ्यावर लोटू लागली. या वेडाची किंमत गॉसच्या मुलानेच पुढे लिहून ठेवली. एडमंड गॉसने १९०७च्या आपल्या आठवणींत सांगितले आहे की, ज्या खडकांवरील डबक्यांची वडिलांनी इतक्या प्रेमाने वर्णने केली, ती संग्राहकांच्या झुंडींनी ओरबाडून ओसाड केली आणि त्याचे दुःख वडिलांना शेवटपर्यंत राहिले. सौंदर्य दाखवून देणारा माणूसच त्याच्या नाशाला निमित्त व्हावा, हे या विषयात पुन्हा पुन्हा घडते.

याच पुस्तकांतील चित्रांवरून एका माणसाने समुद्रफुले घडविली आणि तो माणूस सोनारकाम शिकलेला होता. लिओपोल्ड ब्लाश्का हे त्याचे नाव. जन्म १८२२ चा, बोहेमियातला. सोनारकाम आणि खडे कापण्याचे शिक्षण घेतल्यावर तो घरच्या धंद्यात आला. काचेचे दागिने आणि काचेचे कृत्रिम डोळे बनविणे हा तो धंदा. पत्नीच्या आणि वडिलांच्या निधनानंतर १८५३ मध्ये तो अमेरिकेच्या प्रवासास निघाला. वारा पडल्यामुळे जहाज अटलांटिक महासागरात दोन आठवडे खोळंबले. रात्री काळ्या पाण्यात चमकणारे जेलीफिश त्याने डेकवरून पाहिले आणि त्यांची चित्रे काढली. दहा वर्षांनी ड्रेस्डेन येथील संग्रहालयाने त्याच्याकडे समुद्रफुलांच्या प्रतिकृती मागितल्या.

संग्रहालयाची अडचण खरी होती. पक्षी पेंढा भरून ठेवता येतो, फुलपाखरू टाचणीने टोचता येते. परंतु समुद्रफूल मद्यार्कात बुडवले की त्याचा रंगहीन, सुरकुतलेला गोळा होतो. ब्लाश्काने काच दिव्याच्या ज्योतीवर तापवून तिचे केसाएवढे बारीक बाहू ओढले, तारेने आणि सरसाने ते जोडले, रंगाचे पातळ थर दिले. पुढे मुलगा रुडॉल्फ त्याला येऊन मिळाला. १८९० पर्यंत, म्हणजे हार्वर्ड विद्यापीठाने त्यांना काचेच्या वनस्पतींसाठी बांधून घेईपर्यंत, बापलेकांनी सुमारे १० हजार सागरी प्रतिकृती जगभरच्या संग्रहालयांना पुरविल्या. या वस्तू अंगावर घालायच्या नव्हत्या, म्हणून दागिन्यांच्या इतिहासात त्यांचा उल्लेख सहसा होत नाही. आम्हाला मात्र ते अन्यायाचे वाटते. ओल्या, पारदर्शक देहाचा आभास कठीण पदार्थात कसा आणावा, हा जवाहिऱ्याचा प्रश्न होता आणि तो प्रथम सोडविला या सोनाराने.

जर्मन प्राणिशास्त्रज्ञ अर्न्स्ट हेकेल याची शंभर चित्रफलकांची ‘निसर्गातील कलारूपे’ ही मालिका १८९९ ते १९०४ या काळात निघाली आणि सागरजीव चित्रकार, वास्तुकार, जवाहिरे यांच्या मेजावर पोहोचले. १९०० च्या पॅरिस प्रदर्शनाचे भव्य प्रवेशद्वार रने बिने या वास्तुकाराने हेकेलने रेखाटलेल्या एका सूक्ष्म सागरी जीवाच्या सांगाड्यावरून उभारले होते. त्याच प्रदर्शनात रने लालिक या जवाहिऱ्याच्या दालनासमोर झुंबड उडाली. लालिकचे लक्ष अधिककरून चतुर, कीटक आणि फुले यांच्यावर होते. पण त्याने हाताळलेले एक तंत्र सागरजीवांसाठी जणू घडवलेलेच होते. ते म्हणजे पाठ नसलेला मीना. नेहमीच्या मीनाकामात रंगीत काचेची पूड धातूच्या पत्र्यावर भाजून बसवितात. येथे सोन्याच्या तारेची जाळी घडवून तिच्या घरांत मीना भरतात. खाली तात्पुरता पातळ पत्रा असतो, तो भाजणीनंतर आम्लाने विरघळवून टाकतात. उरते ती प्रकाश आरपार जाऊ देणारी रंगीत पापुद्र्यांची जाळी. एखाद्या माशाचे पर किंवा जेलीफिशची छत्री याहून जवळून दाखविणारे दुसरे साधन सोनाराकडे नाही. काम जोखमीचे आहे. थंड होताना एक घर तडकले तरी पुन्हा आरंभापासून सुरुवात करावी लागते.

खांद्यावरचा तारामासा

या साऱ्या परंपरेतील एकच दागिना निवडायचा झाल्यास तो १९३७ सालचा तारामासा निवडावा लागेल. पॅरिसमधील रने बोआव्हँ ही पेढी त्या वेळी संस्थापकाची विधवा जान बोआव्हँ चालवीत होती. फॅशनच्या जगात गाजलेल्या पॉल प्वारेची ही बहीण. तिच्याकडे काम करणाऱ्या ज्युलिएत मुतार या संकल्पिकेने जवळजवळ तळहाताएवढा एक ब्रोच रेखाटला. ७१ माणके आणि २४१ लहान ॲमेथिस्ट त्यात जडविले आहेत. माणकांना पैलू पाडलेले नाहीत. ती घुमटासारखी गोल घासलेली आहेत, त्यामुळे झगमगण्याऐवजी ती ओलसर दिसतात. सभोवतीचा जांभळा रंग लालीला खोल पाण्यातली छटा देतो. हॉलिवूडची अभिनेत्री क्लॉडेट कोल्बेर हिने तो विकत घेतला आणि या आकृतीच्या मोजक्या प्रती पुढील वर्षांत निघाल्या. त्यांतील एक २०१९ पासून बोस्टनच्या ललितकला संग्रहालयात आहे.

खड्यांची संख्या आणि किंमत यांची चर्चा फार होते. खरे कौशल्य त्याच्या पाठीमागे आहे. पाचही भुजा बारीक तुकड्यांच्या असून त्या सांध्यांनी एकमेकांत गुंतविल्या आहेत. ब्रोच खांद्यावर लावला की भुजा खांद्याच्या गोलाईवरून खाली वळतात. जणू तारामासा खडकाला बिलगून बसला आहे. आता खऱ्या तारामाशाची रचना पाहा. त्याचा सांगाडा एकसंध नसतो. चुन्याच्या शेकडो लहान चकत्या ऊतीने एकमेकींना जोडलेल्या असतात आणि ती ऊती क्षणात सैल, क्षणात ताठ करण्याची किमया त्या प्राण्याला साधलेली असते. म्हणूनच तो शिंपल्याला मिठी मारू शकतो आणि लाटेच्या माऱ्यात खडकाला चिकटूनही राहतो. मुतारने प्राणिशास्त्र किती वाचले होते कोण जाणे. पण तिच्या दागिन्याची बांधणी प्राण्याच्या बांधणीसारखीच आहे. नुसता पाच टोकांचा आकार उचलणाऱ्या हजारो ब्रोचांपासून तो वेगळा ठरतो तो यामुळे. या पेढीचे दागिने बहुधा स्वाक्षरीविना बाहेर पडत. आपली शैली हीच आपली स्वाक्षरी, अशी बोआव्हँबाईंची धारणा होती. पुढे लिलावघरांना याचा बराच मनस्ताप झाला.

चित्रकार साल्वादोर दाली यानेही १९५०च्या सुमारास रिबेका हार्कनेस या धनाढ्य अमेरिकन महिलेसाठी वाकत्या भुजांचा तारामासा काढला. मध्ये मोती, भुजांवर हिरे-माणके, त्यातून फुटलेल्या पाचूंच्या पानांच्या डहाळ्या, वर फुलपाखरे. हातावर तो पंजासारखा पसरे. आमच्या मते तो दागिना कमी आणि नाटक अधिक आहे. समुद्र त्यात फारसा उरत नाही.

झाँ श्लुम्बेर्जे याचे काम याच्या उलट. अल्सेसमध्ये १९०७ साली जन्मलेला हा संकल्पक १९५६ मध्ये न्यूयॉर्कच्या टिफनी पेढीत दाखल झाला. समुद्रघोडे, तारामासे, शिंपले हे त्याचे आवडते विषय. १९६७ मध्ये बनी मेलन हिच्यासाठी केलेला जेलीफिश आज व्हर्जिनियाच्या ललितकला संग्रहालयात आहे. जेलीफिशच्या घुमटासाठी त्याने चंद्रकांत मणी वापरले. चंद्रकांताच्या पोटात दोन प्रकारच्या खनिजांचे अतिसूक्ष्म थर असतात; प्रकाश त्यांच्यावर विखुरतो आणि खडा हलवताच आतून निळसर ढग सरकल्यासारखा दिसतो. पाण्यात तरंगणाऱ्या जेलीफिशच्या अंगातील उजेड याहून चांगला कुठल्या खड्यात सापडला असता? खाली नीलमण्यांनी जडविलेले बाहू लोंबतात आणि परिधान करणारी चालू लागली की तेही हलतात. जिवंत जेलीफिशच्या अंगात ९५ टक्क्यांच्या आसपास पाणी असते, वाळूवर पडल्यास तो वाळून नाहीसा होतो. त्याचा देह वापरून दागिना करणे मुळातच अशक्य. रूपाची वाट येथे केवळ नैतिक निवड राहत नाही, ती एकमेव वाट ठरते.

आपल्याकडे काय? मराठी दागिन्यांची नावे पाहिली तर ती शेतातून आणि परसातून आलेली दिसतात. बोरमाळ, जोंधळी पोत, पोहेहार, चिंचपेटी. समुद्राच्या वाट्याला विवाहितेच्या पायाच्या बोटांतील मासोळ्या, कोल्हापुरी साजातील मासा आणि कासव, देवांच्या कानांतील मकराकृती कुंडले एवढेच येते. त्यांतही मासा हा मंगलचिन्ह किंवा अवतार म्हणून येतो, पाहिलेला प्राणी म्हणून नव्हे. सातशे किलोमीटरांहून लांब किनारा लाभलेल्या प्रदेशात समुद्रफुलाचा एकही पारंपरिक दागिना नसावा, याचे नवल वाटते.

साच्यातला प्रश्न

आज समुद्रघोड्याचे चांदीचे पदक किंवा प्रवाळाच्या फांदीसारखी कर्णफुले कोणत्याही मोठ्या शहरातील दुकानात मिळतात. येथे ग्राहकाची समजूत अशी असते की, धातूचा दागिना घेतला म्हणजे जीवाला धक्का लागला नाही. हे नेहमीच खरे नसते आणि त्याचे कारण ओतकामाच्या पद्धतीत आहे.

मेणाची आकृती करायची, तिच्यावर मातीचे किंवा प्लास्टरसारख्या मिश्रणाचे आवरण चढवायचे, भट्टीत मेण वितळवून काढायचे आणि त्या पोकळीत धातूचा रस ओतायचा, ही पद्धत फार जुनी आहे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या बाराव्या शतकातील ‘मानसोल्लास’ ग्रंथात तिचे वर्णन आहे. मेणाला तेथे ‘मधूच्छिष्ट’ असा शब्द योजला आहे. या पद्धतीत मेणाऐवजी खरी वस्तूच साच्यात पुरता येते. पान, बी, किडा किंवा वाळलेला लहानसा समुद्रघोडा भट्टीत जळून जातो, राख झटकली जाते आणि त्याच्या अंगावरील प्रत्येक कंगोऱ्यासह धातूची प्रत हाती येते. ‘हुबेहूब’ म्हणून जी विकली जाते, तिच्यामागे अशा रीतीने एकेक प्राणी खर्ची पडलेला असू शकतो. प्रवाळ किंवा तारामाशाचा चुनखडीचा सांगाडा असा स्वच्छ जळत नाही. त्यामुळे त्याचा रबराचा साचा घेऊन त्यातून मेणाच्या हव्या तितक्या प्रती काढतात. तिसरा मार्ग हाताने मेण कोरण्याचा किंवा संगणकावर आकृती रचून ती छापण्याचा. दागिना यांपैकी कोणत्या मार्गाने घडला, हे सराफाला विचारता येते. प्रामाणिक कारागीर ते सांगण्यात संकोच करीत नाही.

कायद्याच्या बाजू माहीत असणेही आवश्यक आहे. भारतात वन्यजीव संरक्षण अधिनियमाच्या पहिल्या अनुसूचीत २००१ साली खडक बांधणारे सर्व प्रवाळ, काळे प्रवाळ, अग्निप्रवाळ, समुद्रपंखे आणि समुद्रघोड्यांचे संपूर्ण कुळ यांचा समावेश करण्यात आला. नॉटिलससारखे काही शंखही त्यात आहेत. त्यामुळे पर्यटनस्थळी मिळणारी पांढऱ्या प्रवाळाची फांदी, पारदर्शक रेझिनमध्ये बसविलेला समुद्रघोडा किंवा त्याची किल्ल्यांची साखळी विकणे हा गुन्हा आहे; हौसेने घेणारा ग्राहकही त्यात अडकू शकतो. समुद्रघोड्यांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर ‘साइटिस’ कराराचे नियंत्रण २००४ पासून आहे. पोवळ्याचे मात्र तसे नाही. भूमध्य समुद्रातील लाल पोवळे भारतीय पाण्यात सापडत नाही, ते आयात होते. त्याच्या कुळाला साइटिसच्या दुसऱ्या परिशिष्टात घालण्याचे प्रस्ताव २००७ आणि २०१० मध्ये आले आणि फेटाळले गेले. पॅसिफिकमधील चार जाती चीनने २००८ मध्ये तिसऱ्या परिशिष्टात नोंदविल्या, एवढेच. टिफनीने मात्र या शतकाच्या आरंभीच आपल्या दुकानांतून प्रवाळ काढून टाकले. श्लुम्बेर्जेचे सागरजीव तेथे सोने, मीना आणि खडे यांच्या रूपाने विकले जातात.

आणखी एक व्यावहारिक बाब. बाजारात स्वस्तात मिळणारे लालभडक ‘पोवळे’ पुष्कळदा रंगविलेले बांबू-प्रवाळ किंवा काच असते. काचेच्या मण्यात भिंगाखाली बुडबुडे दिसतात. रंगविलेल्या मण्याच्या भोकाशी रंग दाटलेला आढळतो. अस्सल पोवळ्यावर भिंगातून लांबीच्या दिशेने जाणाऱ्या बारीक समांतर रेषा दिसतात. मौल्यवान वस्तू असल्यास प्रयोगशाळेचे प्रमाणपत्र घ्यावे. आम्लाचा थेंब टाकून पाहण्याचा सल्ला कोणी दिल्यास मानू नये, त्याने खरे पोवळेच आधी खराब होते.

मूळ प्रत कुठे आहे?

ब्लाश्कांच्या काचेच्या जीवांपैकी पाचशेहून अधिक प्रतिकृती अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाने १८८५ मध्ये घेतल्या होत्या. पुढे त्या अडगळीत पडल्या. तेथील सागरी जीवशास्त्रज्ञ ड्रू हार्वेल यांनी त्या पुन्हा उजेडात आणल्या आणि मग एक साधा प्रश्न विचारला : काचेत घडविलेले हे प्राणी आज समुद्रात आहेत का? त्या शोधाची हकीकत त्यांच्या २०१६ च्या पुस्तकात आली आहे. काही जीव पूर्वीसारखेच आढळले, काहींसाठी फार शोध घ्यावा लागला. दीडशे वर्षांपूर्वीची शोभेची काच अशा प्रकारे नोंदवही ठरली.

प्रवाळखडकांची अवस्था मधल्या काळात झपाट्याने बदलली आहे. पाणी तापले की प्रवाळ आपल्या अंगातील रंगीत शैवाल बाहेर टाकतो आणि पांढरा पडतो. उष्णता टिकली तर मरतो. १९९८, २०१० आणि २०१४ ते २०१७ नंतर असे जगव्यापी विरंजन चौथ्यांदा झाले. २०२३ च्या जानेवारीपासून २०२५ च्या मार्चपर्यंत जगातील सुमारे ८४ टक्के प्रवाळक्षेत्राला विरंजन घडविण्याइतकी उष्णता सोसावी लागली. लक्षद्वीपमधील प्रवाळही २०२४ मध्ये पांढरे पडले. भूमध्य समुद्रातील पोवळ्यालाही १९९९ आणि २००३ च्या उन्हाळ्यांत मोठा तडाखा बसला होता. दागिन्यांसाठी होणारी तोड या संकटापुढे लहान आहे, हे मान्य करावे लागेल. पण उष्णतेने खंगलेल्या वसाहतीवर छिन्नी पडली, तर ती भरून यायला पूर्वीइतका अवधी आता मिळत नाही.

मुंबईकराला हे जीव पाहण्यासाठी पॅरिसच्या संग्रहालयात जाण्याची गरज नाही. शहराच्या खडकाळ किनाऱ्यावर समुद्रफुले आहेत, प्रवाळ आहेत, नखाएवढ्या रंगीत सागरी गोगलगायी आहेत. किनारी रस्त्याच्या बांधकामासाठी वरळी आणि हाजी अली येथील प्रवाळांच्या काही वसाहती २०२० मध्ये उचलून दुसरीकडे लावाव्या लागल्या, तेव्हा पुष्कळांना आपल्या दाराशी प्रवाळ असल्याची वार्ता प्रथमच कळली. ‘मरीन लाइफ ऑफ मुंबई’ या नागरिकांच्या उपक्रमाने २०१७ पासून या जीवांच्या नोंदी आणि किनारफेऱ्या सुरू केल्या. मोठ्या भरतीच्या दिवसांत, अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास, ओहोटीही खोल जाते आणि एरवी पाण्याखाली असणारे खडक तास-दोन तास उघडे पडतात. जाताना रबरी तळाची पादत्राणे घालावीत, जमल्यास भिंग न्यावे, आणि खाली काय आहे ते पाहण्यासाठी एखादा दगड उलटला, तर तो पुन्हा होता तसाच ठेवावा.